टेलला आलेलं नेट

माझा स्वभाव संशयी आहे, असं आमच्या घरातले सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. जिल्हा परिषदेच्या शाळेत माझी सगळी नोकरी गेली. गृहपाठ पोरानं स्वतः केलाय की मोठ्या बहिणीकडून करून घेतलाय, हे वही उघडायच्या आधी त्याच्या तोंडाकडं बघून ओळखावं लागायचं. ही नजर निवृत्त झाल्यावर शाळेच्या कपाटात ठेवून येता येत नाही. गाव मला अजूनही बाई म्हणतं आणि मीही गावाकडं अजून वर्गाकडं बघावं तशीच बघते.

आमची वस्ती सणसरपासून फार लांब नाही, पण आमच्या गावठाणापासून मात्र चांगलीच लांब आहे, कालव्याच्या चारीच्या अगदी शेवटाला. या शेवटाला इकडं टेल म्हणतात. कालव्याचं आवर्तन सुटलं की चारीचं पाणी आधी वरच्यांना, मग मधल्यांना आणि काही उरलंच तर टेलला. मी माहेरची वालचंदनगरची. वडील कारखान्यात होते, आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो. तिथं नळ फिरवला की पाणी यायचं, ते कुठून आलं आणि वाटेत कोणी अडवलं का, असले प्रश्न मला लग्नापर्यंत पडले नव्हते. वडील निवृत्त झाले तेव्हा क्वार्टरची किल्ली परत द्यावी लागली, तेवढा एक धडा मात्र तिथं शिकून आले. बाकीचं शिक्षण टेलनं केलं.

नेटही आमच्याकडं असंच शेवटी आलं. टाळेबंदीत शाळा मोबाइलवर भरायला लागली तेव्हा वस्तीवरची पोरं कडुलिंबाखाली जमायची, कारण रेंज तेवढ्याच सावलीत असायची. चारही बाजूंनी ऊस, मध्ये घर, घरात फोन मुका. तेव्हा आबांनी गावापुढं एक कल्पना मांडली. आबा म्हणजे आमचे चुलत दीर, गावच्या दूध संस्थेचे अध्यक्ष. म्हणाले, बारामतीहून एक मोठी लाइन ठोक दरानं विकत घ्यायची, गावच्या पाण्याच्या टाकीवर आणायची आणि तिथून छोट्या डिश लावून हवेतून घरोघर पोचवायची. ज्याला पाहिजे त्यानं शेअर घ्यायचा, सभासद व्हायचं आणि महिन्याची वर्गणी द्यायची. वर्गणी गावठाणाला आणि वस्तीला सारखीच.

मी लगेच कान टवकारले. गावठाणात घराला घर चिकटलेलं, एका वायरीत अख्खी आळी भागते. आमच्यासारख्या एकट्या घरासाठी वेगळा खांब, वेगळी डिश, लाइट गेली तर वेगळी बॅटरी. खर्च कितीतरी पट, मग वर्गणी सारखी कशी? कुणी उगाच एवढं उदार होत नसतं. मी भर बैठकीत विचारलं, "आबा, यात तुमचं काय?"

"वहिनी, लांबच्या वस्तीवरचं दूध आणायला गाडी जास्त फिरती, म्हणून त्या दुधाला दर कमी देतो का आपण?" आबा म्हणाले. "आन माझं म्हणाल तर लोकांनी मला फोनवर शिव्या द्यायच्या असतील, तर तेवढी रेंज तरी पाहिजे का न्हाय?"

बैठक हसली. मी हसले नाही. मला वाटलं, हे निवडणुकीला उभे राहणार. पुढं निवडणूक आली आणि गेली, आबा काही उभे राहिले नाहीत. मग मला वाटलं, पुढच्या वेळी राहतील.

पण नेट आलं, आणि त्या नेटमुळं आमच्या घरात सून आली, असं म्हटलं तरी चालेल. सून काटेवाडीची. पुण्यातल्या एका कंपनीचं काम ती घरबसल्या करते: दवाखान्यांची बिलं विम्यासाठी येतात, ती खरी की फुगवलेली, हे तपासायचं. बघायच्या कार्यक्रमात तिनं शेती किती, जनावरं किती, असलं काही विचारलं नाही. चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "नेट सलग चालतं का?" मला ती तिथंच आवडली. दिवसभर लोकांच्या बिलांवर संशय घेऊन पगार मिळवणारी मुलगी माझ्या घरात येत होती, आणखी काय पाहिजे होतं?

मुलगा बारामतीच्या एमआयडीसीत कामाला. रोज मोटारसायकलवर जाऊन येऊन. त्याला बारामतीत राहायला जायला एक निमित्त पुरलं असतं, हे मी ओळखून होते. सूनबाईचं काम इथून होत होतं म्हणून ती इथं होती, ती होती म्हणून तो होता, आणि ते दोघं होते म्हणून नात अंगणात कालवडीच्या गळ्यात हात टाकून बसलेली असायची. नेट गेलं की हे सगळं घरातून उठून जाणार, हे गणित मला पाठ होतं. त्यामुळं आबांवर संशय घेत असले तरी टाकीवरच्या त्या डिशला मी देवासारखी जपत होते.

मग कंपनी आली. गावठाणातल्या विजेच्या खांबांवरून काळी केबल ओढली आणि एक माणूस घरोघर फिरायला लागला. इन केलेला शर्ट, गोड बोलणं. वाट चुकून आमच्या वस्तीवरही आला. मी चहा केला, तर म्हणाला, "साखर नको, मॅडम." या भागात येऊन साखर नको म्हणणारा माणूस मला पहिल्या घोटातच खटकला. यंत्र फुकट, जोडणी फुकट, पहिले काही महिने नेटही फुकट.

"आणि नंतर?" मी विचारलं.

"नंतर अगदी नॉमिनल."

"आमच्या वस्तीवर कधी आणणार?"

त्यानं अंगणातून गावठाणाच्या दिशेला पाहिलं. मध्ये नुसता ऊस. घरं मोजायची तसदीसुद्धा त्यानं घेतली नाही. "बघावं लागेल, मॅडम," म्हणाला आणि चहा अर्धा ठेवून गेला. तो पुन्हा आमच्याकडं येणार नव्हता. त्याला जवळजवळची घरं पाहिजे होती. आबा ज्या गावठाणाच्या जिवावर आम्हाला पोसत होते, नेमकं तेवढंच गावठाण.

त्या दिवसापासून माझं डोकं फिरलं. ही माणसं आपल्या वायरी तोडतील, डिश फिरवून ठेवतील, असं मला वाटायला लागलं. आबांच्या मागं लागून टाकीच्या जिन्याला कुलूप लावून घेतलं. कंपनीचा माणूस गावात दिसला की मी भाजी घ्यायच्या निमित्तानं त्याच्या मागून आळीभर चालायचे. आमचे हे हसायचे. यांचं गावठाणात खतांचं दुकान आहे, सकाळी डबा घेऊन जातात आणि दिवे लागायच्या वेळेला परत येतात. मी यांना बजावून ठेवलं होतं, "दुकानावरून सगळं दिसतं तुम्हाला. कंपनीचं कोण येतं, कोण जातं, ते बघत जा." हे म्हणायचे, "व्हय, बघतो की."

नेट काही तुटलं नाही. उलट झालं. एक दिवस सूनबाई खोलीतून बाहेर आली ती खुशीत. ती मला आत्या म्हणते. "आत्या, आज काय झालंय कुणास ठाऊक. पानं नुसती फटाफट उघडतायत. एरवी संध्याकाळी किती रडायचं!" दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्याही. सगळी कामं वेळेआधी संपायला लागली. नातीला घेऊन ती उसाच्या बांधावरून फिरून यायला लागली. घर आनंदात होतं, एक मी सोडून.

कारण हे मी आधी एकदा पाहिलं होतं. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती तेव्हा. एका आवर्तनाला आमच्या टेलला असं पाणी आलं की शेतातल्या दंडावरून वाहायला लागलं. आम्ही खूश. पाटकऱ्याला चहा पाजला, तर तो म्हणाला, "वरच्यांनी या वेळेला पाण्याचे अर्जच भरले न्हाईत, बाई. सगळ्यांनी विहिरीवरनं पाइपलाइनी केल्यात." पुढच्या आवर्तनाला मागणी नाही म्हणून चारीचं दार उघडलंच नाही. टेलला कोणी मुद्दाम भरभरून देत नाही. टेल भरलं की समजायचं, वर कोणी घेत नाही.

मी चपला घातल्या आणि गावठाणात गेले. या वेळी कंपनीच्या माणसामागं नाही, घरांकडं बघत. दाराच्या चौकटीवर, न्हाणीच्या भिंतीवर, तुळशीच्या वर, जिकडंतिकडं पांढरा डबा आणि त्यात मिणमिणता हिरवा दिवा. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं घर होतं. ती आता दोन पोरांची आई. मी डब्याकडं बोट केलं.

"हे काय गं?"

"फुकट हाय, बाई, तवर घेतलंय."

"आणि आबांचं?"

"ते बंद ठिवलंय, वर्गणीबी थांबवलीय. पण आमी सभासदत्व सोडलं न्हाय, बरं का!" ती एवढ्या निरागसपणानं म्हणाली की मला रागही येईना.

पुढच्या घरातही हेच. त्याच्या पुढच्या घरातही. कोणीही आबांना सोडलं नव्हतं. सगळे सभासद होते.

ही आमच्या ऊसपट्ट्याची जुनी रीत आहे. शेअर एका कारखान्याचा, ऊस दुसऱ्याला. जो लवकर ऊसतोड देईल, जो दोन पैसे वर देईल, त्याला ऊस घालायचा, पण आपल्या कारखान्याचं सभासदत्व सोडायचं नाही. सभासदाला साखर मिळते, सभेत बोलता येतं, निवडणुकीत चार माणसं हात जोडून दारात येतात. यात फसवणूक आहे असं कोणाला वाटत नाही. हुशारी वाटते. कारखान्याचंही निभावतं, कारण तो लांबून दुसऱ्याचा ऊस आणतो. पण आबांनी लांबून गिऱ्हाईक कुठलं आणायचं? गावात घरं होती तेवढीच होती. आणि प्रत्येक घराला वाटत होतं की आपण एकट्यानंच ऊस बाहेर घातलाय.

मी तडक दूध संकलन केंद्रावर गेले. आबा खुर्चीत बसून होते. त्यांना सगळं माहीत होतं. "बारामतीच्या लाइनीचं बिल अर्धी घरं वापरोत न्हाय तर सगळी वापरोत, तेवढंच येतंय, वहिनी," म्हणाले. "दोन-तीन म्हयने मी खिशातनं घातलं. म्हटलं, फुकटचं संपलं की येतील माघारी." एवढी वर्षं मी आबांच्या खिशात काय जातं ते बघत होते. खिशातून काय जातंय, ते बघायचं मला सुचलंच नव्हतं.

मी म्हटलं, सभा लावा.

सभा दुपारी केंद्रावरच झाली, सकाळचं दूध गेल्यावर. कोरमची काळजीच नव्हती. गावठाण लोटलं होतं, बसायला जागा नव्हती. सूनबाई कामातून तासभर सुटी घेऊन आली होती आणि नातीला कडेवर घेऊन दाराशी उभी होती. आबांनी परिस्थिती सांगितली. लोक कळवळून बोलायला उठले. हे नेट म्हणजे गावाची शान हाय. कंपन्या आज हायेत, उद्या न्हायत. आबा, तुमी मागं हटायचं न्हाय. कोणीतरी ठराव मांडला की गावचं नेट कुठल्याही परिस्थितीत चालू राहिलंच पाहिजे. अनुमोदन मिळालं. सगळे हात वर. एकमतानं मंजूर. टाळ्यासुद्धा वाजल्या.

मला ते सहन झालं नाही. मी उठले आणि वर्गात बोलायचा माझा आवाज होता, तो लावला.

"आता कंपनीचं कनेक्शन ज्यांनी घेतलंय, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर आला नाही. हे मला नवीन नव्हतं. खिडकीची काच कोणी फोडली, असं वर्गात विचारलं की अशीच शांतता असते. अशा वेळी गुरुजींनी काही बोलायचं नसतं, नुसतं थांबायचं असतं. मी थांबले.

पुरुषांच्या बाजूला, पुढच्याच रांगेत एक हात हळूहळू वर गेला. मनगटावर घड्याळ होतं. उजव्या हातात घड्याळ घालणारा माणूस आमच्या गावात एकच आहे, आणि ते घड्याळ माझ्या निवृत्तीच्या पैशातून मीच घेऊन दिलं होतं.

"दुकानाला घेतलंय," आमचे हे खाली बघून म्हणाले. "घरचं आपलंच हाय की. आन सभासद तर हायच आपण."

कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरा हात वर गेला, तिसरा गेला, आणि बघता बघता ठरावाला जेवढे हात वर गेले होते, जवळजवळ तेवढेच पुन्हा वर आले. लोक एकमेकांकडं बघून हसत होते, सुटल्यासारखे. आपण एकटेच नव्हतो, याचा त्यांना आनंद झाला होता. आबा मात्र हसत नव्हते. त्यांनी टेबलावरचा तांब्या उचलला, पाणी प्याले आणि म्हणाले, "मग आता मी हे चालवू कुणासाठी?"

मी दाराकडं पाहिलं. सूनबाई निघून गेली होती.

घरी जाताना मी यांच्याशी बोलले नाही. चारीपाशी आल्यावर राहवलं नाही. "मला सांगितलं का नाही?"

"तू इचारलं न्हाईस."

"कुठं लावलंय? मला दुकानात कसं दिसलं नाही?"

"पोत्यांच्या थप्पीमागं," हे म्हणाले. म्हणजे लपवलं होतं. म्हणजे चुकतंय हे यांना कळत होतं. माझा इतका संताप झाला की रडू आलं. साऱ्या गावावर नजर ठेवून होते मी, आणि यांना रोज सकाळी स्वतःच्या हातानं डबा भरून देत होते.

सगळं गावठाण गेल्यावर उरलेल्या पाच-सात वस्त्यांना बारामतीची लाइन पेलणार नव्हती. आबांनी महिनाअखेर ती बंद केली. सूनबाईनं आधी कडुलिंबाखाली खुर्ची टाकून मोबाइलवर काम करून पाहिलं. वारा सुटला की रेंज जायची, मीटिंगमध्ये तिचं तोंड उघडं असताना चित्र थांबायचं. मग यांनी दुकानातली थप्पी बाजूला करून तिला एक कोपरा दिला. कंपनीच्या त्याच डब्याखाली. युरियाच्या वासात, खत न्यायला आलेल्या माणसांच्या नजरा चुकवत ती काही आठवडे बसली. तक्रार केली नाही. ती तक्रार करत नाहीये, यावरूनच मी ओळखलं.

बारामतीत दोन खोल्या घेतल्या. सामान टेम्पोत चढवताना ती माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "आत्या, नेट आलं की येतोच आम्ही परत." मी तिच्या तोंडाकडं बारकाईनं पाहिलं. ती खरं बोलत होती. न येणारं होतं ते नेट.

फुकटचे महिने संपले तशी कंपनीनं वर्गणी लावली, मग वाढवली. आता लोक डेअरीवर आबांना गाठतात. "आबा, आपलं परत चालू करा की. आमी सभासद हायच." आबा कॅनचं झाकण लावतात आणि पुढचा कॅन ओढतात. टाकीवरची डिश अजून तिथंच आहे, जिन्याला माझं कुलूपही.

नातीला बघायचं तर मी संध्याकाळी दुकानात जाऊन बसते. पोत्यावर बसून फोन समोर धरते. चित्र अडकलं की मला अजूनही वाटतं, कंपनी मुद्दाम करते. परवा नात हट्टाला पेटली. "आजी, कालवड दाखव." मी म्हटलं, कालवड घरी आहे, बाळा. "मग घरी जाऊन दाखव." मी पोती दाखवली, वजनकाटा दाखवला. ती भोकाड पसरून रडली. हे गल्ल्यावर बसून सगळं ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी मी दुकानावर पोचले तर दारात कालवड उभी. यांनी वस्तीपासून तिला दोरीला धरून चालवत आणली होती. रस्त्यानं लोक हसले असणार. यांच्या धोतराला चारीचा चिखल लागला होता. मी यांच्याशी त्या सभेपासून कामापुरतंच बोलत होते. त्या दिवशी गुमान पाण्याची बादली आणून कालवडीपुढं ठेवली आणि तांब्याभर पाणी यांनाही दिलं.

फोन लागला. नातीनं किंचाळून सगळं घर डोक्यावर घेतलं. कालवडीनं फोन हुंगला, नातीनं तिकडून तिच्या नाकाला हात लावला. सूनबाई मागं उभी राहून हसत होती. मग नातीनं विचारलं, "आता ती कुठं जाणार?"

"घरी," हे म्हणाले. "आपल्या घरी. आन कुठं जाणार?"

नातीनं मागं वळून आईकडं पाहिलं. सूनबाईनं तेवढ्यात तोंड फिरवलं होतं आणि उगाचच ओट्यावरचं काहीतरी उचलून ठेवत होती. का, ते ओळखायला या वेळी मला संशयाची गरज नव्हती.